गावाची वही आणि तिची राखण

जुन्या ठाणे जिल्ह्याची माहिती हवी असली म्हणजे अभ्यासक आजही मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाण्यावरचे खंड उघडतात. १८८२ साली ते छापले गेले. त्या काळाच्या मानाने ते काम मोठ्या शिस्तीचे होते, यात शंका नाही. तथापि ते चाळताना एक गोष्ट मनात आल्याशिवाय राहत नाही. ज्या लोकांविषयी ही माहिती आहे, त्यांच्या हाती तेव्हा लेखणी नव्हती. आपल्याविषयी काय लिहिले गेले, हे त्यांना कळण्याची सोय नव्हती. मग चुकले असल्यास ते दुरुस्त करण्याची सोय कुठून असणार?

पुढे मराठीत ज्ञानकोशांची परंपरा सुरू झाली. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईला मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. ही कामे आपल्या भाषेची भूषणे आहेत. परंतु सगळ्या जगाला कवेत घेणाऱ्या कोशात एखाद्या तालुक्याच्या वाट्याला फार तर पानभर मजकूर येणार आणि तालुक्यातल्या पाड्याच्या वाट्याला ओळसुद्धा येणार नाही. हा कोशाचा दोष नव्हे. पाड्याची माहिती पाड्यानेच लिहायची असते. विहीर कोणी खोदली, अमुक माळाला अमुक नाव का पडले, हे मुंबईत किंवा वाईला बसून कसे कळावे?

अशी माहिती गावाने मिळून लिहावी, मिळून तपासावी आणि आपल्याच ताब्यात ठेवावी, यासाठी आज एक साधन सहज उपलब्ध आहे. त्याला विकी म्हणतात. पालघर जिल्ह्यातले डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके डोळ्यांसमोर ठेवून, अशी विकी कशी मांडावी आणि मांडल्यावर ती कशी सांभाळावी, याचा विचार आपण आज करू.

विकी म्हणजे काय? संगणकावर किंवा मोबाइलवर वाचायची ती एक वही आहे, पण या वहीच्या प्रत्येक पानावर ‘संपादन’ असे एक बटण असते. वाचणाऱ्याला काही चुकलेले दिसले, तर ते बटण दाबून त्याने तिथल्या तिथे दुरुस्त करावे, अशी तिची रीत. वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९९५ साली अशी पहिली वही सुरू केली. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे जलद. होनोलुलूच्या विमानतळावर प्रवाशांची ने-आण करणाऱ्या बसगाडीचे नाव ‘विकी विकी’ होते, त्यावरून त्याने हे नाव घेतले. २००१ साली विकिपीडिया सुरू झाला आणि २००३ साली मराठी विकिपीडिया आला. आपण जो विकिपीडिया वाचतो, तो या जातीच्या वह्यांतली सर्वांत मोठी वही आहे, एवढेच.

‘कोणीही येऊन लिहील तर घोटाळा नाही का व्हायचा?’ हा प्रश्न इथे हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर विकीच्या रचनेतच आहे. प्रत्येक पानामागे त्या पानाचा इतिहास साठवलेला असतो. कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणता शब्द बदलला, हे तिथे दिसते आणि जुना मजकूर एका बटणासरशी परत आणता येतो. कागदाच्या वहीत कोणी पान फाडले तर ते गेले. इथे फाडलेले पानही जपून ठेवलेले असते. तेव्हा माणसे चुकणारच, हे विकी गृहीत धरते आणि चूक निस्तरणे सोपे करून ठेवते.

आता पुढचा प्रश्न. मराठी विकिपीडिया असताना गावाला स्वतःची विकी कशाला हवी? कारण विकिपीडियाचा एक नियम आहे, आणि तो योग्यच आहे. तिथे लिहिलेल्या गोष्टीला आधी कुठेतरी छापून आलेला आधार लागतो. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, हे तिथे लिहिता येते. परंतु आपल्या पाड्यावर लग्नाचा चौक काढणाऱ्या बाया कोण होत्या, लग्न लावणारी धवलेरी कोणती गाणी कोणत्या क्रमाने म्हणते, तारपा कोण बनवतो आणि त्यासाठी भोपळा कसा निवडतो, कोळपी, कसबई, राजघुड्या यांपैकी कोणते भात कोणत्या खाचरात लावीत, याला छापील आधार कुठून आणणार? तो आधार माणसांच्या तोंडी आहे. आणि माणसे म्हातारी होत आहेत. अशी माहिती प्रथम कुठेतरी नीट उतरवली गेली पाहिजे, ते स्थान गावाच्या विकीचे.

‘आमचा व्हॉट्सअॅपचा गट आहे की!’ असेही काही जण म्हणतात. गट जरूर असावा. निरोप पोचवायला त्याच्यासारखे साधन नाही. पण गटातला निरोप ओढ्याच्या पाण्यासारखा वाहून जातो. मागच्या चैत्रात कोणी काय सांगितले होते, ते आज शोधू जा, सापडायचे नाही. शिवाय मोबाइल बिघडला की त्याबरोबर सगळे गेले.

हे नुकसान किती खरे असते, हे पाहण्यासाठी डहाणू-तलासरीच्याच अनुभवाकडे वळू. २०१८ सालच्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाचे धक्के बसू लागले. पुढच्या काळात लहानमोठे शेकडो धक्के बसले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का झाला, आणि त्या दिवसाच्या धावपळीत एक चिमुरडी दगावली. त्या थंडीत कितीतरी कुटुंबे घर असूनही उघड्यावर नाहीतर तंबूत झोपली. शास्त्रज्ञ आले, त्यांनी भूकंपमापक यंत्रे बसवली. धक्क्याची वेळ, तीव्रता आणि केंद्र यांची नोंद दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राकडे होत असते.

परंतु यंत्राला जे कळते त्यापलीकडेही पुष्कळ असते. कोणत्या पाड्यावर आधी गडगडाट ऐकू आला? कोणत्या घराची कुडाची भिंत टिकली आणि कोणत्या घराची विटांची भिंत तडकली? तडा पहिल्या धक्क्यात गेला की पाचव्या? विहिरीचे पाणी गढूळ झाले होते का? अंगणवाडीतली मुले कुठे नेली? ही माहिती तेव्हा घरोघरी होती. ती लिहून ठेवण्याची जागा असती, तर पंचनाम्याच्या वेळी, शाळेची नवी इमारत बांधताना, पुढच्या खेपेला काय करावे हे ठरवताना तिचा उपयोग झाला असता. आजही उशीर झालेला नाही. लोकांना बरेच आठवते. पण आठवणीतल्या तारखा दरवर्षी थोड्या थोड्या सरकत जातात, हे विसरून चालणार नाही.

म्हणून आपल्या विकीत धक्क्यांचे एक पान असावे. तारीख, वेळ, पाडा, काय जाणवले, काय मोडले आणि सांगणारा कोण, असे सहा रकाने पुरे. हे पान पाहून इतर पानांची नमुन्याची कल्पना येईल: विहिरींचे पान, भाताच्या वाणांचे पान, पाड्यांच्या नावांचे पान. रकाने थोडे असावेत आणि सर्वांना भरता येतील असे असावेत. विद्वत्तेचे काम मागाहून करता येते.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे येऊ. पहिला निर्णय असा की ही वही ठेवायची कुठे. दोन मार्ग आहेत. दूरच्या शहरातल्या एखाद्या कंपनीच्या संगणकावर जागा भाड्याने घ्यावी, किंवा गावातच एक लहान संगणक ठेवावा. भाड्याच्या जागेचा फायदा असा की वीज आणि यंत्र यांची चिंता आपल्याला नाही आणि शिक्षणासाठी सुरतेला गेलेला मुलगाही ती वाचू शकतो. तोटा असा की भाडे चुकले की दार बंद. विकीचा इंटरनेटवरचा पत्ताही दर मुदतीला पैसे भरून नवा करावा लागतो. तो एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या खाजगी नावावर असला आणि तो कार्यकर्ता नोकरीनिमित्त निघून गेला, तर गावाची वही असून नसल्यासारखी होते.

‘अहो, पण आमच्या पाड्यावर मोबाइलला रेंजच येत नाही, तिथे तुमची विकी काय कामाची?’ असे कोणी विचारील. तिथे दुसरा मार्ग कामाचा. पत्त्यांच्या जोडाएवढा रास्पबेरी पाय नावाचा संगणक मिळतो. तो शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवला आणि त्याला वायफायची जोड दिली, की आवारात आलेल्या कोणालाही आपल्या मोबाइलवर विकी उघडता येते. त्याला इंटरनेट लागत नाही. बाजाराच्या दिवशी किंवा ग्रामसभेला लोक जमतातच. तेव्हा वाचावे, लिहावे. आपल्या जिल्ह्याला हा विचार नवा नाही. मुंबईच्या आय.आय.टी.तल्या प्राध्यापकांनी ‘ग्राम मार्ग’ नावाच्या प्रकल्पात पालघर तालुक्यातल्या खामलोलीला दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरी वापरून इंटरनेट पोचवण्याचे प्रयोग केले आणि नंतर आसपासच्या गावांत बिनतारी जाळे उभारले. २०१७ साली त्या कामाला मोझिला या संस्थेचे पहिले पारितोषिक मिळाले. जिल्ह्यातल्या खेड्यांत बिनतारी जाळे उभे राहू शकते, हे यावरून दिसते.

माझ्या मते दोन्ही मार्गांचा मेळ घालावा. मूळ वही गावात असावी आणि तिच्यातली जी पाने जगाला दाखवायला हरकत नाही, त्यांची प्रत इंटरनेटवर ठेवावी.

दुसरा निर्णय सॉफ्टवेअरचा. विकीची सॉफ्टवेअरे पुष्कळ आहेत आणि त्यांतली चांगली बरीचशी फुकट आहेत. विकिपीडिया ज्यावर चालतो, त्याचे नाव मीडियाविकी. ते बलाढ्य आहे, पण ते आपला मजकूर डेटाबेस नावाच्या कोठारात ठेवते. ते कोठार चालवायला जाणकार माणूस लागतो. दुसरे डोकुविकी, हे २००४ साली एका जर्मन प्रोग्रॅमरने तयार केले. त्यात डेटाबेस नाही. प्रत्येक पान म्हणजे एक साधी मजकुराची फाइल. याचा अर्थ असा की उद्या डोकुविकी बंद पडली, संगणक बदलला, सांभाळणारा माणूसही बदलला, तरी फाइली कोणत्याही संगणकावर उघडून वाचता येतील. लहान गावाच्या दृष्टीने हा गुण फार मोलाचा आहे. बैल दाराशी बांधायचा तर आपल्या गोठ्यात मावेल असाच पाहावा. हजारो पाने आणि शेकडो लेखक होतील, तेव्हा मीडियाविकीचा विचार करता येईल.

उभारणीचे काम एखाद्या जाणत्या विद्यार्थ्याला एका दिवसात जमते. संगणकावर लिनक्स ही प्रणाली, त्यावर वेबसर्व्हर आणि पीएचपी चढवायचे, डोकुविकीचा संच उतरवून घेऊन एका फोल्डरमध्ये ठेवायचा, पहिल्याच पानावर विकीचे नाव आणि व्यवस्थापकाचा पासवर्ड भरायचा आणि तो उभारणीचा तक्ता काढून टाकायचा. याची पायरीपायरीने माहिती सर्वत्र मिळते, म्हणून मी इथे लांबण लावीत नाही. मराठीत काम करणाऱ्याला ज्या अडचणी येतात आणि आपल्या भागात ज्या विशेष जाणवतात, तेवढ्या मात्र सांगतो.

पहिली अडचण अक्षरांची. छापखान्यांत आणि कचेऱ्यांत जुन्या फाँटांत टाइप केलेला मराठी मजकूर अजून पडून आहे. तो फाँट नसलेल्या यंत्रावर त्याची इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि त्यात शोध चालत नाही. विकीत सगळे युनिकोडमध्येच लिहिले गेले पाहिजे. जुना मजकूर आधी रूपांतर करून घ्यावा. युनिकोडमध्येही ‘दऱ्या’, ‘वाऱ्याने’ यांसारख्या शब्दांतला ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टाइप करता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला वेगळे. मग पान असूनही शोधणाऱ्याला सापडत नाही. सर्वांनी एकच कळफलक वापरावा, हा त्यावर सोपा उपाय.

दुसरी अडचण पानांच्या नावांची. डोकुविकी पानाच्या नावाचीच फाइल बनवते, आणि तसे करताना देवनागरीतल्या एकेका चिन्हाचे नऊ इंग्रजी चिन्हांत रूपांतर करते. काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येक वेगळी मोजली जाते. संगणकावर फाइलचे नाव २५५ चिन्हांहून लांब चालत नाही. म्हणजे पानाच्या नावाला पंचवीसएक देवनागरी चिन्हांची मर्यादा पडली. ‘धुंदलवाडी परिसरातील जुन्या विहिरींची माहिती’ हे नाव त्यात बसणार नाही. ही रूपांतराची पद्धत बदलण्याची सोय आहे. पण ती पहिल्याच दिवशी, पाने तयार होण्यापूर्वी ठरवावी. आणि तशीही नावे आटोपशीर असलेली बरी: ‘विहिरी’, ‘भाताचे वाण’, ‘धक्के’.

तिसरी अडचण विजेची. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. रास्पबेरी पायची साठवण सहसा एका नखाएवढ्या कार्डावर असते. लिहिता लिहिता वीज गेली तर ते कार्ड खराब होऊ शकते. म्हणून कार्डाऐवजी एसएसडी वापरावी आणि मध्ये एक लहान यूपीएस बसवावा.

विजेशी निगडित असा आणखी एक धोका आहे, तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. या लहान संगणकाच्या पुष्कळशा नमुन्यांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. ते इंटरनेटवरून वेळ मिळवतात. आपल्या पाड्यावर इंटरनेट नाही. वीज गेली आणि तीन तासांनी आली, तर यंत्राला वाटते की मध्ये वेळ गेलाच नाही. असे दोनचार वेळा झाले की विकीच्या इतिहासातल्या तारखा आणि वेळा खोट्या पडतात. इतर पानांचे एकवेळ चालून जाईल, पण भूकंपाच्या नोंदीचे काय? वेळ चुकलेली नोंद शास्त्रज्ञाच्या दृष्टीने निरुपयोगी, क्वचित दिशाभूल करणारीही. बॅटरीच्या घड्याळाची एक लहानशी चकती बाजारात मिळते, ती जोडून घ्यावी. आणि धक्का किती वाजता बसला, हे लिहिणाऱ्याने आपल्या हाताने लिहावे; यंत्राच्या वेळेवर विसंबू नये.

आता त्याहून नाजूक विषय. वहीत कोणी लिहावे, आणि वही कोणी वाचावी? लिहिण्यासाठी नाव नोंदवण्याची सोय सगळ्या जगाला मोकळी ठेवू नये. इंटरनेटवर जाहिरातींचा मजकूर आपोआप घुसवणारी यंत्रे अहोरात्र फिरत असतात, आणि मोकळे दार दिसले की चार दिवसांत वही त्या कचऱ्याने भरून टाकतात. गावातल्या माणसाने मागितले, ओळख पटली, की त्याला व्यवस्थापकाने खाते उघडून द्यावे.

वाचण्याच्या बाबतीत मात्र विचार वेगळा. भगताला आणि सुईणीला ठाऊक असलेल्या वनस्पती, त्या कुठे सापडतात आणि कशावर चालतात, ही माहिती जगाला उघडी करावी का? २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि लोकांच्या साहाय्याने तिने जैवविविधतेची नोंदवही करावी, असे ठरवले आहे. त्यामागचा हेतूच असा की हे ज्ञान कोणाचे आहे याची नोंद राहावी आणि त्याचा व्यापारी उपयोग करणाऱ्याने लोकांना त्यांचा वाटा द्यावा. वारली चित्रांना २०१४ साली भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले, तेही अशाच जाणिवेतून. तेव्हा विकीत काही पाने फक्त गावकऱ्यांसाठी असावीत. कोणते पान कोणाला दिसावे, हे ठरवण्याची सोय डोकुविकीत आहे. मीडियाविकीची घडण मुळात सर्वांना वाचता यावे अशी आहे, हाही फरक लक्षात घ्यावा. आणि कोणते पान झाकायचे हे संगणक जाणणाऱ्या पोराने ठरवू नये. ते ग्रामसभेत ठरावे. डहाणू आणि तलासरी या तालुक्यांना १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, त्यामुळे इथल्या ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. सांगणाऱ्या म्हातारीलाही विचारावे, ‘आजी, हे लिहू का? तुझं नाव घालू का?’ ती नको म्हणाली, तर लिहू नये.

मतभेदही होतील. २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी इथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्धच्या लढ्याला तोंड फुटले. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० सालच्या पुस्तकात त्या लढ्याची हकीकत सांगितली आहे. पण झरीला गेलेल्या माणसांच्या नातवंडांकडे घरोघर ऐकलेल्या वेगवेगळ्या आठवणी असणार. एक म्हणेल आमचा आजा पुढे होता, दुसरा म्हणेल आमचा. अशा वेळी एकाचे पुसून दुसऱ्याचे लिहिण्याची चढाओढ लागू देऊ नये. दोन्ही आठवणी, सांगणाऱ्याचे नाव घालून, एकाखाली एक लिहाव्यात. विकीत पानाला जोडून चर्चेचे पान ठेवता येते. वाद तिथे घालावा. भाषेचेही तेच. सांगणाऱ्याने वारलीत सांगितले तर वारलीतच उतरवावे, देवनागरीत ते सहज लिहिता येते. मराठी सारांश खाली द्यावा. किनाऱ्यावरचा मांगेला आणि डोंगराकडचा वारली एकाच माशाला किंवा झाडाला वेगळे नाव देत असेल, तर दोन्ही नावे राहू द्यावीत.

इथे एक सावधगिरीची सूचना. २००८ च्या वनहक्क नियमांत, दाव्यासाठी दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन पुरावा म्हणून धरले आहे. म्हणून जुन्या माणसांच्या आठवणी लिहून ठेवण्याला कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. परंतु विकीचे पान म्हणजे ते निवेदन नव्हे. पान पाहून कोणाकडे जायचे हे कळेल. निवेदन रीतसर कागदावर, सहीअंगठ्यासह घ्यावे लागेल.

इथवर झाली पेरणी. शेतकऱ्याला ठाऊक आहे की पेरणीला दिवस लागतात आणि राखणीला महिने. विकीचेही तसेच आहे, आणि पुष्कळ विकी राखणीअभावी बुडतात.

राखणीतले पहिले काम प्रती ठेवण्याचे. तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी असावी, असा या क्षेत्रातला जुना संकेत आहे. डोकुविकीत हे सोपे पडते, कारण सगळी वही म्हणजे एक फोल्डर. मराठी मजकुराला जागा किती लागते म्हणाल, तर हजार शब्दांचे पान सुमारे २० केबीचे होते. अशी हजार पाने झाली तरी २० एमबी. जागा खातात ती छायाचित्रे, म्हणून ती लहान करून चढवावीत. दर आठवड्याला ते फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवावे आणि दर महिन्याला एक प्रत पेन ड्राइव्हवर घालून तालुक्याच्या गावी विश्वासाच्या माणसाकडे पोचवावी. ज्या भागात जमीन हादरते, त्या भागात तिन्ही प्रती एकाच कपाटात ठेवणे बरे नव्हे.

आणि एवढ्याने भागत नाही. वर्षातून दोनदा त्या प्रतीवरून दुसऱ्या एखाद्या संगणकावर विकी उभी करून पाहावी. प्रत घेतली आहे, या भरवशावर वर्षे काढावीत आणि गरजेच्या दिवशी पेन ड्राइव्ह रिकामा निघावा, असे घडू शकते. उभी करून पाहिल्याशिवाय प्रतीला प्रत म्हणू नये.

दुसरे काम सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवण्याचे. चोरांना सापडलेल्या फटी बुजवण्यासाठी नव्या आवृत्त्या निघत असतात. इंटरनेटवर असलेल्या विकीला त्या ताबडतोब घालाव्या लागतात. गावातल्या गावात चालणारीला थोडी सवड असते, पण सूट नसते. आधी प्रत, मग नवी आवृत्ती, हा क्रम कधी मोडू नये. तिसरे काम अलीकडच्या बदलांची यादी आठवड्यातून एकदा वाचण्याचे. त्याला अर्धा तास लागतो. त्यात चुका सापडतात, नवे लेखक कोण झाले ते कळते, त्यांना शाबासकीचे दोन शब्द सांगता येतात.

चौथे काम माणसांचे, आणि ते सर्वांत कठीण. महाविद्यालयातले विद्यार्थी असले उपक्रम हौसेने उभे करतात. मी शिकवण्याच्या व्यवसायात आहे, त्यामुळे त्यांची हौस मी जवळून पाहतो. परंतु विद्यार्थी तीन वर्षांनी पदवी घेऊन जातो. पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. म्हणून विकीचे राखणदार नेहमी दोन असावेत आणि त्यांतला एक तरी गावात कायम राहणारा असावा: शिक्षिका, ग्रंथपाल, दुकानदार, कोणीही. पासवर्ड, पत्त्याच्या नूतनीकरणाची तारीख, प्रती कुठे आहेत, यंत्र बंद पडल्यास काय करायचे, हे सगळे कागदावर लिहून, पाकिटात घालून ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या कपाटात ठेवावे. दरवर्षी एका नव्या माणसाला हे काम हाताला धरून शिकवावे. संगणकाच्या वहीची किल्ली कागदावर ठेवायची, याचे कोणाला हसू येईल; पण यंत्र बंद असताना यंत्रातली किल्ली उपयोगी पडत नाही.

हे सारे ऐकून कोणाला वाटेल की पसारा मोठा आहे. तसे नाही. आरंभ दहा पानांनी करावा. गावातले पाडे, विहिरी, वाटा, भाताचे वाण, सण, वाजवणारे, चित्रे काढणारे, जुनी माणसे, शाळेचा इतिहास आणि भूकंपाचे धक्के. प्रत्येक पानावर पाच ओळी असल्या तरी पुरे. विकीतले अपुरे पान वाचणाऱ्याला लिहायला बोलावते. एकीकडे वाढवणला मोठे बंदर होऊ घातले आहे, द्रुतगती मार्ग आणि बुलेट ट्रेन या तालुक्यांतून जात आहेत. कोणते बरे आणि कोणते वाईट, हा वाद इथे करायचा नाही. एवढे मात्र निश्चित की माळ, वाटा आणि बांध बदलणार, आणि त्यांच्याबरोबर त्यांची नावेही जाणार. ती नावे ज्यांना ठाऊक आहेत, ती माणसे आज आपल्यात आहेत. या रविवारी त्यांच्यापैकी एखाद्याच्या ओटीवर जाऊन बसावे आणि विहिरींचे पान लिहायला घ्यावे. यंत्र पुढच्या महिन्यात आले तरी चालेल.